जुनेर धुवू नये

गारगोटी, ज्येष्ठ वद्य ३, शके १८३२

ती. सौ. आक्कास पमाचा नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. पाच मुलांच्या पाच तऱ्हेच्या सर्द्या, आणि तळाला 'तुझं कसं काय' एवढी एक ओळ. तर माझं असं की मला आठवा लागला. मुद्दामच कळवलं नव्हतं. मागच्या तिन्ही खेपांना तिसऱ्या महिन्यातच गावभर करून बसले होते, म्हणून या वेळी घराबाहेर कुणाला कळू दिलं नाही.

सासूबाई तोंडाने काही बोलत नाहीत. पण वैशाखात निपाणीला लग्नाला गेल्या होत्या, तिथे एक मुलगी बघून आल्या आहेत. मुलगी तेरा वर्षांची, तिच्या आईला सात मुलं, सातही हयात. हे मला धोंडुबाई सुइणीकडून कळलं. ती म्हणाली, "ह्या खेपंला प्वार टिकलं तर बरं, न्हायतर मोठ्या बाई दुसरी आणत्यात बघा." मी यांना विचारलं. वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणाले, आईच्या मनात काय आहे ते मला काय ठाऊक. हेच मास्तर शाळेत खोटं बोलणाऱ्या पोरांना अंगठे धरायला लावतात.

म्हणून आक्का, मला जुनेर पाठव. पहिली दोघं घरात सापडलं त्यात गुंडाळली, ती बारशापर्यंतही पोचली नाहीत. चिमीच्या वेळी तू तुझ्या हिरव्या लुगड्याचा अर्धा तुकडा दिलास, तर ती आठ महिने राहिली. मला ओळखायला लागली होती. धोंडुबाई म्हणते, लेकुरवाळीच्या अंगावर झिजलेलं, तिची मुलं ज्यात वाढली असं जुनेर पाहिजे, त्या मुलांचं आयुष्य नव्याला लागतं. तर या वेळी त्याहून जुनं दे, पाचही जणं ज्यात लोळली असं. आई असती तर तुला त्रास दिला नसता.

तुझी
पमा


कोल्हापूर, आषाढ शुद्ध २

चि. सौ. पमास आक्काचे आशीर्वाद.

सात महिने पोटात ठेवलंस ते ठेवलंस, माझ्यापासूनही लपवलंस. भेटलीस की कान पिळणार आहे. दूध घेतेस ना? सासूबाई देत नसतील तर आजारी पड, म्हणजे वैद्य सांगेल आणि मिळेल.

जुनेराचं एवढं काकुळतीला येऊन काय लिहायचं? पाठवते. जरा थांब मात्र. जुने कपडे आमच्या सासूबाईंच्या पेटीत, किल्ली त्यांच्या कमरेला, आणि त्यात हा पाऊस. शिवाय मला फुरसत म्हणून नाही. या महिन्यात तीन डोहाळजेवणं झाली. पाची मुलं राखलेली म्हणून ओटी भरायला सगळ्यांना मीच लागते. परवा तर दरबारातल्या एका मोठ्या कारभाऱ्यांकडून गाडी आली होती. हे चिडवतात की तुझ्या ओटीतल्या नारळांवर आपलं घर चालेल.

दत्तू बरा आहे. मागच्या वर्षीच्या तापापासून अंगाला लागत नाही एवढंच.

तुझी
आक्का


कोल्हापूर, आषाढ वद्य ८
(हे पत्र टाकलं नाही.)

पमे,

जुनेर मी देणार नाही. देववत नाही. हे तुला लिहिता येतं का ते बघते आहे.

चिमीसाठी हिरवं लुगडं दिलं त्या महिन्यात माझ्या दत्तूला ताप धरला. सात महिने येत-जात राहिला. पोराच्या बरगड्या मोजता यायला लागल्या. आमच्या सासूबाई म्हणाल्या, घरातलं आयुष्य बाहेर दिलंस, आता भोग. आणि तुझी चिमी गेल्याची चिठ्ठी ज्या आठवड्यात आली, त्याच आठवड्यात दत्तू उठून बसला आणि भात मागितला. मी तुझ्यासाठी रडत होते आणि त्याला भरवत होते. तेव्हा माझ्या मनात काय आलं ते मी देवापुढेही बोलले नाही. मी चार बुकं वाचलेली बाई आहे, हे सगळं खुळं आहे हे मला कळतं. पण कळलं तरी पेटी उघडवत नाही.

नाही म्हणायचं तर तुला आता दुसरं कोण आहे?

म्हणून ओटीत आलेलं एक मोतिया रंगाचं लुगडं काढलं, घडीही न मोडलेलं. पलीकडच्या बोळातल्या ताजबीला विचारलं, नवं कापड जुनं कसं दिसेल. तिचं घर पिढीजात रंगाऱ्यांचं. मुलांना नाटक करायचं आहे, असं मी सांगितलं. ती हसली. म्हणाली, "नाटकवाली येत्यात की आमच्याकडं. राजा दरिद्री झाला की त्येचं कपडं च्यात बुडवायचं." मग पुढे म्हणाली, "पर बाई, रंग द्यायचं काम आमचं हाय. कापडाला वय कुठनं आणू?"

यांना चहाची सवय लागली आहे, मामंजींच्या नजरेआड घेतात. आठ दिवसांचा चोथा साठवला आणि मोठ्या पातेल्यात उकळला. त्यात लुगडं सकाळपासून दिवेलागणीपर्यंत ठेवलं. पहिल्यांदा गुळासारखा रंग आला, कुणीही ओळखलं असतं. पुन्हा निथळून फिक्या चहात घातलं. चुलीवरच्या दोरीवर चार दिवस वाळत होतं. दगडावर आपटून मऊ केलं, मांडीवर आणि खांद्यावर जिथे बायकांचं झिजतं तिथे टाचांच्या वज्रीने घासलं, दोन जागी फाडून रफू केलं. ताजबीने बजावलं होतं, तुरटी घातल्याशिवाय रंग धरणार नाही, पहिल्याच धुण्यात उतरेल. पण तुरटीने रंग उजळतो, आणि मला मळकट हवा होता.

आणि पमे, हे सगळं करताना मी ते अंगाला लागू दिलं नाही. काठीने उचललं, काठीनेच ढवळलं. मुलांना माजघरात कोंडून ठेवलं. रफू केलं ते मांडीवर पाट घेऊन.

झालं लिहून. आता हे तुला पाठवू कशी?


कोल्हापूर, आषाढ वद्य ९

चि. सौ. पमास आशीर्वाद.

केरबा गाडीवानाबरोबर जुनेर पाठवलं आहे. जपून घे. माझ्या अंगावर दहा वर्षं झिजलं आहे, पाचही मुलं यातच लोळली. पेटीत राहून जरा तांबूस पडलं आहे, वासही येईल.

एक गोष्ट ध्यानात ठेव. हे धुवू नकोस. धुतलं की जुनेराचा गुण जातो. मळलं तर उन्हात टाक, झटक, पण पाणी लावू नकोस. बाळ झाल्यावर लगेच कळव. माझा जीव तुझ्यापाशी आहे.

तुझी
आक्का


गारगोटी, श्रावण वद्य ४

आक्का,

मुलगा झाला. चार दिवस झाले. निजूनच लिहिते आहे म्हणून अक्षर वाकडं. रंग आपल्या बाबांचा, नाकही त्यांचंच, म्हणजे फारसं काही नाही. रडतो मात्र खणखणीत. धोंडुबाईने नाळ कापली आणि पहिलं काय केलं असेल तर तुझ्या जुनेरात गुंडाळला. त्यात गेला आणि गप्प झाला. सासूबाईसुद्धा म्हणाल्या, "आक्काचा हात लागला हो."

जुनेराला तुझ्या घरचा वास येतो. मी अधूनमधून नाक लावते. हे दिवसातून चारदा दारातून डोकावून जातात, आणि निपाणीचं नाव घरात कुणी घेत नाही.

पमा


कोल्हापूर, श्रावण वद्य ७

चि. सौ. पमास आणि छोट्या पाहुण्यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी चुलीपुढेच बसकण मारली. कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले. टोपडं, झबली आणि डिंकाचे लाडू पाठवते आहे. लाडू सासूबाईंना दाखवून मग लपव. नाव बाबांचं ठेवा असा माझा हट्ट आहे. दत्तू विचारतो, मावशीचं बाळ केवढं आहे. मी म्हटलं, मांजराएवढं.

आता सगळं नीट होईल. मागचं काही मनात आणू नकोस. मीही आणणार नाही.

आक्का


गारगोटी, भाद्रपद शुद्ध ८

आक्का,

बाळ गेला. तुझं टोपडं आलं त्या दिवशी दुपारी. दहावा दिवस होता. आदल्या सकाळी दूध ओढेना, तोंड मिटून घेतलं, मग अंग ताठ झालं. पहिल्या दोघांचंही असंच झालं होतं.

आता लिहिते ते कुणाला सांगू नकोस. मी जुनेर धुतलं. सातव्या दिवशी ते इतकं भरलं की त्यात त्याला ठेववेना. सासूबाई पूजेत होत्या, धोंडुबाई यायची होती, न्हाणीत ऊन पाणी उरलं होतं. एक कोपरा खळबळून घेईन म्हटलं. पाणी तांबडं झालं. मळ आहे म्हणून मी सगळंच बुचकळलं, तर तांबडं येतच राहिलं. तुझ्या घरची दहा वर्षं माझ्या डोळ्यांदेखत मोरीतून चालली आहेत असं वाटलं. घाबरून पिळलं, तेव्हा हातात एक फिकं फडकं होतं. ते वाळवून, घडी करून मी उशाखाली सरकवलं. तिसऱ्या दिवशी तो गेला.

तू मला एवढीच गोष्ट पाळायला सांगितली होतीस. ती मला पाळता आली नाही. तुझ्या पाच मुलांचं आयुष्य मी माझ्या हातांनी ओतून टाकलं. मुलं सुखरूप आहेत ना, ते उलट टपाली कळव.

पमा


कोल्हापूर, भाद्रपद वद्य ४

चि. सौ. पमास,

काय लिहू? मुलं सुखरूप आहेत. तू धुतलंस म्हणून तो गेला असं मनात आणू नकोस. त्याचं आयुष्यच तेवढं होतं. आपण बायका एकमेकींना ऐकीव गोष्टी सांगतो, त्या सगळ्या खऱ्या थोड्याच असतात? ही गोष्ट घरात बोलू नकोस. ते फडकं डोळ्यांसमोर ठेवू नकोस, नदीत सोडून दे, म्हणजे मन हलकं होईल.

आक्का


गारगोटी, कार्तिक शुद्ध १३

आक्का,

तुझ्या सांगण्याप्रमाणे फडकं नदीत सोडायला काढलं, आणि तिथेच फसले. सासूबाईंनी ते हातातून घेतलं, उजेडाला धरलं आणि विचारलं, याचा रंग कुठे गेला? मला खोटं सुचलं नाही. त्यांनी देवामागे ठेवलेलं, जुनेराबरोबरचं तुझं पत्र काढलं आणि यांच्याकडून वाचून घेतलं. 'हे धुवू नकोस' ही ओळ दोनदा वाचायला लावली. यांनी दोनदा वाचली, चांगली मास्तरांच्या आवाजात. मग सासूबाई म्हणाल्या, "सांगूनसवरून पोर मारलंस."

आता हे गारगोटीभर झालं आहे. परवा शेजारी ओटी भरायची होती, तर मला मागल्या दाराने घरी जायला सांगितलं. निपाणीला निरोप गेला आहे. मी यांचे पाय धरले. म्हणाले, माझा विश्वास नाही, पण आईची समजूत कोण घालणार? तुझ्या बहिणीनेच लिहिलं आहे, तिनेच खोडून काढलं तर आई ऐकेल.

तर आक्का, तू लिही. सासूबाईंच्या नावानेच लिही. धुतल्याने काही होत नाही, मी उगीच बोलून गेले, एवढंच. त्या तुला फार मानतात. लेकुरवाळीच्या शब्दावर त्या घरात वाद होत नाही. चार ओळींनी माझा संसार राहील.

पमा


कोल्हापूर, मार्गशीर्ष शुद्ध ११

चि. सौ. पमास आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. घरात आजारपण होतं, शिवाय सोनारांकडे बारसं. तुझं पत्र वाचून वाईट वाटलं. पण मी काय लिहू? जुनेर धुवू नये असं आमच्या सासूबाई म्हणतात, आणि त्यांचा शब्द मी कसा खोडू? त्यांच्या कानावर गेलं तर इथे माझं कठीण होईल. थोरल्यांच्या मध्ये आपण पडू नये. तू सासूबाईंच्या मनाप्रमाणे वाग, तुझे त्र्यंबकराव शहाणे आहेत, काहीतरी मार्ग निघेल. काळजी घे.

आक्का


गारगोटी, पौष वद्य २

आक्का,

पत्र पोचलं. तुझी अडचण समजली.

माघ वद्य पंचमीचा मुहूर्त धरला आहे. मुलीचं नाव इंदिरा. तिच्यासाठी माजघराची खोली रिकामी करायची म्हणून माझी पेटी कोठीत नेली, ती मीच नेली.

एक विचारते. नवी आल्यावर दोन महिने तुझ्याकडे येऊ का? माहेर म्हणून दुसरं दार मला नाही. पडेल ते काम करीन. तुझ्या मुलांच्या कपड्यांना मात्र मी हात लावणार नाही, त्याची काळजी करू नकोस. ते धुणं तू बाईकडून करून घे.

पमा


कोल्हापूर, माघ शुद्ध ५

पमे,

हे पत्र त्र्यंबकरावांना, सासूबाईंना, ज्याला दाखवायचं त्याला दाखव. मोठ्याने वाच.

ते जुनेर नव्हतंच. ओटीत आलेलं कोरं लुगडं मी चहाच्या चोथ्यात उकळून तांबूस केलं आणि वज्रीने घासून झिजवलं. माझ्या अंगाला ते एकदाही लागलेलं नाही. मोरीतून गेला तो चहा होता. धुवू नकोस असं मी लिहिलं ते रंग उतरून माझं बिंग फुटू नये म्हणून. आमच्या सासूबाईंनी असं कधी म्हटलेलं नाही, तेही मीच जुळवलं. चिमीच्या वेळी जुनेर दिलं तेव्हा दत्तू मरता मरता वाचला, म्हणून मला धीर झाला नाही.

तू काही केलं नाहीस. तुझ्या हातांनी काही केलं नाही. हे मला भाद्रपदातच लिहायला हवं होतं. पाच महिने मी रोज दौत काढली आणि ठेवली. लोक काय म्हणतील याची भीती वाटली, ओटीला कुणी बोलावणार नाही याची. एवढ्यासाठी मी तुला पाच महिने मुलाची मारेकरीण राहू दिलं. तू मुलांचे कपडे धुणार नाही म्हणून लिहिलंस, ते वाचून मला जेवण गेलं नाही.

दोन महिने कशाला, कायमची ये. मी स्वतः केरबाची गाडी घेऊन येते.

आक्का


गारगोटी, फाल्गुन शुद्ध ९

सौ. सरोजिनीबाई यांस,

आपलं पत्र मुहूर्ताच्या आठ दिवस आधी पोचलं. सांगितल्याप्रमाणे मोठ्याने वाचलं, ओसरीवर, सासूबाई आणि हे दोघंही बसलेले असताना. सासूबाईंनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाल्या, "बहिणीवर पांघरूण घालायला बहीणच येणार. पण चहात लुगडं बुडवलं म्हणून सांगायचं म्हणजे फारच झालं." त्या हसल्या. खोटं त्यांनी दोनदा वाचून घेतलं होतं, खरं त्यांना एकदाही पटलं नाही. यांना पटलं. यांनी पत्राची घडी केली, मला परत दिलं आणि म्हणाले, "आता सगळीकडे अक्षत देऊन झाली आहे." लग्न झालं. इंदिरा पोरच आहे, सारखी आईच्या आठवणीने रडते. तिची वेणी मी घालते.

जुनेर खरं असतं तरी तो गेला असता, हे मला कळतं. चिमीही गेलीच होती. लुगड्याने कुणी वाचत नाही आणि लुगड्याने कुणी मरत नाही, तेवढी अक्कल मला आहे. तुम्हाला दत्तूची भीती वाटली, त्याचाही मला राग नाही. मला मूल असतं तर मीही पेटी उघडली नसती. नाही म्हणाला असतात तर मी दोन दिवस रडले असते, आणि धोंडुबाईचं फाटकं पटकूर मागून घेतलं असतं.

पण कार्तिकात मी चार ओळी मागितल्या होत्या. तेव्हा मुलगा गेला होता, दत्तू धडधाकट होता, आणि तुमच्या घरचं कुणाचंही आयुष्य त्या चार ओळींत जाणार नव्हतं. तेव्हा लिहिलं असतंत तर उपयोग झाला असता; तोवर निपाणीकडून कुणी आलेलं नव्हतं, आणि सासूबाईंनी अजून मला पुरतं टाकलेलं नव्हतं. तुम्ही मला सासूबाईंच्या मनाप्रमाणे वाग असं लिहिलंत, आणि सोनारांकडच्या बारशाला गेलात.

त्या महिन्यांत मी रोज काय करत होते ते सांगते. दोष माझाच आहे असं धरून बसले होते, आणि त्यातून एकच गोष्ट मनाला धीर देत होती, की आक्काने आपल्या मुलांच्या वाटचं मला दिलं होतं. घरात कुणी बोललं नाही की मी तेवढं आठवत असे. आता दोष माझा नाही हे मला कळलं आणि ते आठवायचं राहिलं नाही. दोन्हीत काय बरं होतं ते मला ठरवता येत नाही.

मी तिकडे येणार नाही. गाडी पाठवू नये. पत्रही पाठवू नये. आलं तर मी ते न उघडता परत लावीन, कारण उघडलं तर मला उत्तर द्यावंसं वाटेल.

प्रमोदिनी